तालुक्याचं स्वतःचं साप्ताहिक: पहिल्या अंकाआधी आणि पहिल्या वर्षात काय करायचं

जिल्ह्याच्या दैनिकात तालुक्याला अर्धं पान मिळतं, तेही ऐनवेळी जाहिरात आली नाही तर. त्यात एक अपघात, आमदारांचा दौरा आणि एखादा सत्कार बसतो. कोणत्या वाडीचा टँकर बंद झाला, ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, नळयोजनेचं काम कुणाच्या बिलावाचून अडलंय, यातलं काहीच त्या पानात येत नाही. हे देणारं साप्ताहिक दोन-तीन माणसांत निघू शकतं आणि टिकूही शकतं. पुढची माहिती ते काढू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी आहे.

आधी गावं, मग नाव

संपूर्ण तालुका अंगावर घेऊ नका. एका दुचाकीवर आठवड्याला एक फेरी होईल एवढीच गावं घ्या. पहिल्या वर्षी तीस-चाळीस पुष्कळ झाली. प्रत्येक गावासाठी वहीचं एक पान ठेवा. त्यावर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात), मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि रेशन दुकानदार यांचे नंबर लिहा. पण एवढ्यावर थांबलात तर वर्षभर पदाधिकाऱ्यांचंच वृत्तपत्र निघेल. त्याच पानावर आशाताई, अंगणवाडी सेविका, रोहयोच्या कामावर जाणारी एखादी बाई, ऊसतोडीचा मुकादम आणि वस्तीवरचं एक तरुण पोर यांची नावं हवीतच. गावात ताप पसरला की आशाताईंना आधी कळतं. आरोग्य केंद्राच्या अहवालात तो नंतर येतो.

वस्ती, पाडा, तांडा यांना वेगळं पान द्या, मूळ गावाच्या पानात कोंबू नका. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढलं, कारण त्या काळच्या पत्रांत बहिष्कृत समाजाच्या प्रश्नांना जागाच नव्हती. आज तुमच्या तालुक्यातली कोणती वस्ती वर्षभरात एकदाही छापून आली नाही, ते या वहीत कोऱ्या राहिलेल्या पानांवरून कळतं. दर तीन महिन्यांनी ती पानं मोजा.

अंकाचा वार आठवडी बाजारावरून ठरवा. बाजार गुरुवारी असेल तर मंगळवारी रात्री मजकूर बंद, बुधवारी दुपारपर्यंत पानं लावून पूर्ण, संध्याकाळी छपाई आणि गुरुवारी सकाळी सातला अंक बाजारात. त्या दिवशी चाळीस गावांची माणसं स्वतःहून तालुक्याला येतात आणि वाटपाचा अर्धा खर्च वाचतो. रविवारी अंक काढणारे पुष्कळ जण पुढे वाटपापायी थकतात.

नोंदणी

१ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स ॲक्ट, २०२३' लागू झाला. वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाला, पूर्वीच्या आरएनआयला, आता पीआरजीआय म्हणतात. शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज 'प्रेस सेवा' पोर्टलवर एकत्रच करायचा असतो. घोषणापत्र घेऊन प्रांत कार्यालयात घालायचे हेलपाटे संपले. मात्र अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिप्रायासाठी जातो आणि त्याला ६० दिवसांची मुदत असते. त्यामुळे पहिल्या अंकाची तारीख अर्जानंतर किमान तीन महिन्यांनी धरा. छापखान्यालाही पोर्टलवर आपली माहिती द्यावी लागते, तेव्हा छापखाना आधी पक्का करा.

शीर्षक देशभरात मराठीतल्या, किंवा महाराष्ट्रात कोणत्याही भाषेतल्या, आधीच्या शीर्षकाशी सारखं किंवा मिळतंजुळतं चालत नाही. 'जनता', 'लोक', 'वार्ता' असले शब्द जुळवून केलेली नावं बहुतेक गेलेली असतात. नदी, डोंगर, घाट, जुनं पेठेचं नाव असं तुमच्याच भागाचं काही त्यात असू द्या आणि पाच पर्याय तयार ठेवा.

ही नोंदणी छापील नियतकालिकाची आहे. यूट्यूब चॅनल किंवा पोर्टलला पीआरजीआयचा क्रमांक मिळत नाही. तसा मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी ही व्यवसायाची नोंदणी आहे, वृत्तपत्राचा परवाना नव्हे. डिजिटल बातम्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात: तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि संपर्क साइटवर ठेवा आणि आलेल्या तक्रारीचा १५ दिवसांत निकाल लावा.

शेवटच्या पानावर मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण आणि प्रकाशनाचं ठिकाण सांगणारी ओळ प्रत्येक अंकात छापा. तिच्याखाली 'प्रसिद्ध मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' असं छापायची पद्धत आहे. ती ओळ खुशाल छापा, पण तिच्या भरवशावर काही छापू नका. मजकूर निवडण्याची जबाबदारी संपादकावर असते आणि ती या ओळीने टळत नाही.

आणखी एक, अगदी पहिल्या दिवशी ठरवायचं: ओळखपत्र विकायचं नाही. पैसे घेऊन 'प्रतिनिधी' नेमले की सहा महिन्यांत तुमच्या नावाने कुणीतरी वाळूच्या ट्रॅक्टरवाल्याकडे हप्ता मागत असतो, आणि साप्ताहिकाचं नाव तिथेच संपतं. ओळखपत्र फक्त मानधन घेऊन बातम्या देणाऱ्याला द्या. त्यावर मुदत टाका आणि सोडून जाणाऱ्याकडून ते परत घ्या.

बातमी कुठे असते

प्रेसनोट आपोआप येतात. बातमी आणावी लागते, आणि तालुक्यात ती बहुतेक वेळा कागदावर असते. आठवड्याची फेरी बांधून घ्या: तहसील, पंचायत समिती, नगरपंचायत, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, महावितरणचं उपविभागीय कार्यालय, एसटी आगार. साहेबांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी बाहेरचा सूचनाफलक वाचा. लिलाव, निविदा, मतदार यादीच्या हरकती, ग्रामसभेची नोटीस, सगळं तिथे लागलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते. गणपूर्ती (कोरम) १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणून '२६ जानेवारीची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब' एवढं छापून थांबू नका. पुढची तारीख विचारा, ती अंकात छापा आणि त्या दिवशी जाऊन बसा. मोठे ठराव पंधरा माणसांत होतात ते अशाच सभेत. नंतर प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, वाचायला मागा आणि सभेत ऐकलेला ठराव वहीत तसाच उतरलाय का, ते पडताळा.

आता एका रस्त्याची बातमी जवळून पाहू. 'रस्ता निकृष्ट, ग्रामस्थ संतप्त' हा मथळा वर्षानुवर्षं छापला जातो आणि रस्ता तसाच राहतो, कारण त्या बातमीत कुणाला उत्तर द्यावं लागेल असं काहीच नसतं. त्याऐवजी चार कागद मिळवा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (कार्यालयात 'एमबी' म्हणतात) आणि देयक. अंदाजपत्रकात लांबी, रुंदी आणि प्रत्येक थराची जाडी असते. कार्यारंभ आदेशात ठेकेदाराचं नाव आणि कामाची मुदत असते. एमबीत अभियंत्याने मोजून नोंदवलेलं काम असतं आणि देयकात दिलेले पैसे.

मग टेप घेऊन रस्त्यावर जा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी डांबराची रुंदी मोजा. जिथे कड आधीच तुटली आहे तिथे पट्टी उभी लावून जाडीचा फोटो घ्या. रस्ता उकरू नका. फोटोत पट्टीचे आकडे आणि मागे एखादी ओळखीची खूण, शाळा किंवा किलोमीटरचा दगड, दोन्ही दिसली पाहिजेत. समजा एमबीत रुंदी ३.७५ मीटर आहे आणि टेपवर ३.२० भरली. हे दोन आकडे शेजारी छापा, शाखा अभियंता आणि ठेकेदार यांचं म्हणणं छापा, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख चौकटीत द्या. त्या तारखेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. गावकऱ्यांना भांडायला ही एक तारीख पुरते. 'भ्रष्टाचार' हा शब्द लिहायची गरज उरत नाही, आणि तो लिहिला नाही तर नोटीसही सहसा येत नाही.

हे कागद माहिती अधिकारात मिळतात. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांत. नवखे लोक 'काम निकृष्ट का झाले?' असं विचारतात आणि 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर घेऊन परत येतात. कागदाचं नाव घेऊन मागा: 'अमुक रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, कालावधी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५.' उत्तराची मुदत ३० दिवस. ती टळली की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. घाई असेल तर जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला मिळावेत असा नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत सोबत ठेवा, कारण टेबलावरच्या माणसाला तो बरेचदा माहीत नसतो. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर अर्जाशिवाय दिसतो. रोहयोची हजेरीपत्रकंही ऑनलाइन असतात. त्यातली नावं घेऊन गावात गेलात की बातमी समोर उभी राहते.

पोलीस ठाण्यातल्या बातमीत 'गुन्हा दाखल झाला' आणि 'गुन्हा केला' यांतला फरक कधीही सोडू नका. संवेदनशील प्रकरणं वगळता प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर येतो. फोनवर ऐकलेलं नाव तिथे तपासूनच छापा. ज्याच्या अटकेची बातमी पहिल्या पानावर घेतली, तो निर्दोष सुटला तर ती बातमीही पहिल्याच पानावर घ्या. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

या सगळ्याला धरून ठेवते ती तारखांची वही. '१५ मेपर्यंत पाणी सुरू करू' असं अभियंता म्हणाला की ती ओळ १६ मेच्या पानावर लिहा आणि १६ मेला नळापाशी जा. दैनिकाचा वार्ताहर परत येत नाही, तुम्ही येता, हे कार्यालयांच्या सहाएक महिन्यांत ध्यानात येतं आणि मग उत्तरं जपून दिली जातात.

निधन वार्ता

नव्या संपादकांना ही जागा भरण्याची बाब वाटते. प्रत्यक्षात स्थानिक अंकात सर्वांत आधी वाचली जाते, कापून ठेवली जाते आणि जिच्यातली चूक कधीच माफ होत नाही, ती हीच. व्हॉट्सॲपवर आलेला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फोटो हा पुरावा नव्हे. घरच्या एका माणसाशी आणि गावातल्या दुसऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय छापायचं नाही. पूर्ण नाव, वय, गाव, पश्चात कोण कोण, दशक्रियेची तारीख, वेळ आणि ठिकाण, एवढं लिहून घ्या आणि फोनवर परत वाचून दाखवा. 'पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार' लिहिताना मुलगी राहून जाते, हा नेहमीचा घोळ, 'मुली किती?' हा प्रश्न वेगळा विचारा. मजूर बाईच्या निधनालाही माजी सभापतींइतक्याच ओळी द्या आणि त्याचे पैसे घेऊ नका.

पान लावणं आणि छपाई

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. गावातले डीटीपीवाले अजून श्री-लिपी किंवा कृतीदेव वापरतात. तो मजकूर वेबसाइटवर टाकला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. रूपांतरणात सर्वांत आधी 'ऱ्य' बिघडतो आणि 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. त्यानंतर 'ॲ', 'श्र' आणि दशांश चिन्ह तपासा; बाजारभावात एक टिंब गेलं की २२.५०चे २२५० होतात. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफ कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' ठेवा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते आणि जोडाक्षरं सुटतात.

मजकुराचा काळा रंग निव्वळ काळ्या शाईचा असू द्या. चार रंगांचा काळा वृत्तपत्री कागदावर केसभर सरकला की अक्षरांना सावली येते आणि वयस्क वाचक अंक बाजूला ठेवतात. या कागदावर शाई पसरते, म्हणून फोटो पडद्यावर दिसतो त्याहून गडद छापला जातो. चेहऱ्याच्या छटा आधीच थोड्या उजळ करा. फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, नाहीतर तो दाबला जाऊन छापायला पुरत नाही.

कागदाचा हिशेब स्वतः करा. टॅब्लॉइडचं पान २९ × ४२ सेंटिमीटर धरलं तर ८ पानांना कागदाचे ४ तुकडे, म्हणजे जवळपास अर्धा चौरस मीटर. ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) कागदाने अंक सुमारे २२ ग्रॅमचा होतो आणि १००० प्रतींना २२ किलो कागद जातो. कागदाच्या रिळावर छापणारं वेब मशीन रंग जुळेपर्यंत शेकडो प्रती वाया घालवतं. त्यामुळे हजारापेक्षा कमी प्रतींसाठी सुट्या कागदांवर छापणाऱ्या शीटफेड ऑफसेटचाही दर विचारा. शक्य असेल तर रंग फक्त पहिल्या आणि शेवटच्या पानाला घ्या. काळ्या पानाला एक प्लेट लागते, रंगीत पानाला चार.

पानं छापायला जाण्याआधी त्यांची कागदावर प्रिंट काढा. एकाने नावं, आकडे आणि तारखा मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने मूळ वहीत पाहायचं. मथळे सर्वांत शेवटी वाचा; सर्वांत मोठ्या अक्षरातली चूकच डोळ्याआड जाते.

पैसा

पाच कॉलमचं, ३८ सेंटिमीटर उंचीचं पान म्हणजे १९० कॉलम सेंटिमीटर. आठ पानांचे १५२०. त्यातली एक तृतीयांश जागा जाहिरातीला धरली तर साधारण ५०० मिळतात. अंकाचा सगळा खर्च, मानधन आणि पेट्रोल धरून, २०,००० रुपये येत असेल आणि तो नुसत्या जाहिरातीवर काढायचा असेल, तर ४० रुपये कॉलम सेंटिमीटरच्या खाली दर परवडत नाही. हा हिशेब न करता 'मोठ्या दैनिकापेक्षा स्वस्त' म्हणून दर लावणारे तिसऱ्या महिन्यात उधारीवर येतात.

म्हणून वर्गणी आधी. ८०० वर्गणीदार, वर्षाला ३०० रुपये, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि ही रक्कम आगाऊ मिळते. पावती पुस्तक ठेवा आणि वर्गणी संपायच्या महिनाभर आधी फोन करा. पोस्टाच्या सवलतीच्या दरासाठी टपाल खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

जाहिरातीत कृषी सेवा केंद्रं, दवाखाने, क्लासेस आणि वकिलांच्या जाहीर नोटिसा हा भरवशाचा भाग आहे. जाहीर नोटिशीत गट नंबर आणि क्षेत्र हेच सर्वस्व असतं. वकिलांची लेखी मंजुरी घेऊनच छापा आणि अंकाच्या दोन प्रती त्यांना पोचवा. सरकारी जाहिरातींसाठी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या शासनमान्य यादीत पुढेमागे जरूर जा, पण ते पैसे कधी येतील यावर छापखान्याचं बिल ठरवू नका. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पानांचंही तसंच. एका जाहिरातदाराकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त येऊ लागलं, तर त्याच्याविरुद्धची बातमी तुम्ही छापू शकणार नाही. तिथेच थांबा आणि आणखी वर्गणीदार शोधा. निवडणुकीत 'पॅकेज' घेऊन येतील, तेव्हा एकच नियम: पैसे घेतलेला प्रत्येक मजकूर चौकटीत आणि वर 'जाहिरात' असं छापून. छापील जाहिरातीवर जीएसटी ५ टक्के, डिजिटलवर १८ टक्के, आणि नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल.

व्हॉट्सॲप

ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो आणि बायका याच कारणाने बाहेर पडतात. चॅनल बरं, तिथे नंबर झाकलेला राहतो. ब्रॉडकास्टमध्ये २५६ ची मर्यादा आहे आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश जातो. ग्रुप ठेवलाच तर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग करा. पूर्ण पीडीएफ फुकट टाकत राहिलात तर वर्गणी आटते. तातडीचं तेवढं तिथे द्या: वीज कधी येणार, एसटीची कोणती फेरी रद्द, बाजार समितीतले आजचे भाव.

छापण्याआधी आणि छापल्यानंतर

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे, आणि बालक असेल तर पॉक्सोच्या कलम २३ नुसार घर, शाळा, कुटुंब, परिसर यांतलंही काही देता येत नाही. तालुक्यात ही चूक नाव न छापताही होते. गाव, आरोपीचं नातं आणि इयत्ता, एवढ्यावरून सगळ्यांना ओळख पटते. अशा बातमीत गावाचं नाव नको, फक्त पोलीस ठाण्याची हद्द.

चूक झाली तर पुढच्याच अंकात, शक्यतो त्याच पानावर, काय छापलं होतं आणि बरोबर काय, हे दोन ओळींत सांगा. वेबवरची बातमी गुपचूप बदलू नका. खाली दुरुस्तीची तारीख टाका.

वकिलाची नोटीस आली तर घाबरून लगेच माफीनामा लिहू नका आणि फोनवर वादही घालू नका. कागद काढा, बातमी ओळीने तपासा, वकिलामार्फत उत्तर द्या. फौजदारी बदनामीच्या खटल्यात मजकूर खरा असणं एवढंच पुरत नाही, तो सार्वजनिक हिताचाही असावा लागतो. म्हणून बातमी का घेतली, त्याचं टिपण त्याच दिवशी लिहून ठेवा. अंगावर कुणी आलं तर तक्रार देताना पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा लावायला सांगा. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. नुकसानभरपाईचा दावा एका वर्षात आणि बदनामीची फौजदारी तक्रार तीन वर्षांत दाखल होऊ शकते. तोवर बातमीच्या वह्या, रेकॉर्डिंग, साक्षांकित प्रती आणि अंकाच्या दोन फायली ऑफिसच्या बाहेर, दुसऱ्या एका घरात ठेवा.